गायनगुरू

गायनगुरू म्हणजे कंठसंगीत शिकू इच्छिणाऱ्या व्यक्तीच्या आवाजाची पारख करून तिला स्वर, श्वास, उच्चार, लय आणि रागविस्तार यांचे प्रत्यक्ष शिक्षण देणारी व्यक्ती. हिंदुस्थानी संगीतात या शिक्षणाला तालीम म्हणतात, तर शिष्याने स्वतंत्रपणे करावयाच्या सरावाला रियाज किंवा मेहनत म्हणतात. गायनगुरू रागांचा आणि बंदिशींचा साठा देतो, पण त्याचे कार्य तेवढेच नसते. शिष्याला स्वतःचा आवाज जसा ऐकू येत नाही तसा तो ऐकणे, त्यातील दोष वेळीच थांबवणे आणि कालांतराने शिष्याचा कानच त्याचा शिक्षक होईल अशी त्याची तयारी करून घेणे, ही गुरूची मुख्य कामे मानली जातात.

महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ग्वाल्हेर, जयपूर-अत्रौली, किराणा, आग्रा आणि भेंडीबाजार या घराण्यांच्या गुरूंनी ही परंपरा रुजवली. विसाव्या शतकात तिला संगीत विद्यालये, परीक्षा आणि आवाजशास्त्राचा अभ्यास यांची जोड मिळाली.

## संज्ञा

मराठीत गायनगुरूसाठी बुवा, पंडित, उस्ताद, गुरुजी, तसेच स्त्री-गुरूसाठी बाई, ताई आणि माई ही संबोधने रूढ आहेत. परंपरेनुसार शिष्याच्या मनगटावर गंडा बांधून गुरू-शिष्य नाते औपचारिकपणे स्वीकारले जाते. संगीत विद्यालयांच्या प्रसारानंतर संगीत शिक्षक ही संज्ञाही प्रचारात आली. आवाज घडवण्याच्या शास्त्राला मराठीत आवाज साधना, कंठसाधना किंवा स्वरसाधना म्हटले जाते. स्वरसाधना या शब्दाचा रोख सुरेलपणावर असतो. आवाज साधना या शब्दात श्वास, स्वरयंत्र, अनुनाद आणि उच्चार यांचाही समावेश होतो.

## ऐतिहासिक पार्श्वभूमी

### संगीतरत्नाकर

देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात 'संगीतरत्नाकर' हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात गायकाचे गुण व दोष तपशिलाने दिले आहेत. अभ्यासाशिवायही रागाची अभिव्यक्ती करू शकणाऱ्या, शरीरासोबत उपजलेल्या आवाजाला त्याने 'शारीर' म्हटले आहे. दोषांच्या यादीत दात आवळून गाणारा (संदष्ट), तोंड भयंकर वासणारा (कराली), कावळ्यासारख्या कर्कश आवाजाचा (काकी), डोळे मिटून गाणारा (निमीलक) आणि नाकात गाणारा (सानुनासिक) यांचा समावेश होतो. यांतील बहुतेक दोष गाणाऱ्याला स्वतःला जाणवत नाहीत, समोर बसलेल्याला मात्र लगेच दिसतात किंवा ऐकू येतात.

याच ग्रंथात गायकांचे शिक्षाकार, अनुकार, रसिक, रंजक आणि भावक असे पाच प्रकार सांगितले आहेत. शिक्षाकार म्हणजे निर्दोष शिक्षण देण्यास समर्थ असलेला आणि अनुकार म्हणजे दुसऱ्याच्या गायनाचे अनुकरण करणारा. शिकवण्याची क्षमता आणि नक्कल करण्याची क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा भेद त्यातून स्पष्ट होतो.

### घराणी आणि विद्यालये

बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) यांनी ग्वाल्हेर गायकीची तालीम घेऊन ती महाराष्ट्रात आणली. त्यांचे शिष्य विष्णू दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि १९०८ मध्ये मुंबईत शाखा काढली. गुरुगृही राहून मोजक्या शिष्यांनी शिकावयाची विद्या यामुळे वर्गात शिकवली जाऊ लागली. विष्णू नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी बंदिशींचे स्वरलेखन आणि रागांचे वर्गीकरण प्रसिद्ध केल्याने पूर्वी केवळ गुरुमुखातून मिळणारी माहिती पुस्तकातही उपलब्ध झाली. परिणामी गुरूची भूमिका काही अंशी बदलली. चीज मिळवणे पूर्वीपेक्षा सोपे झाले, पण ती गळ्यावर चढवण्यासाठी गुरूची गरज कायम राहिली.

### बा. र. देवधर आणि आवाज साधना

पलुस्करांचे शिष्य बाळकृष्ण रघुनाथ देवधर (१९०१–१९९०) यांनी आवाजाच्या शास्त्रीय जोपासनेचा विषय मराठीत पद्धतशीरपणे मांडला. मिरज येथे जन्मलेल्या देवधरांनी १९२५ मध्ये मुंबईत 'स्कूल ऑफ इंडियन म्युझिक' ही संस्था सुरू केली. त्यांनी पाश्चात्त्य संगीताचाही अभ्यास केला होता आणि १९३३ मध्ये इटलीतील फ्लॉरेन्स येथील आंतरराष्ट्रीय संगीत परिषदेत भाग घेतला होता. 'आवाज साधना शास्त्र' हा त्यांचा ग्रंथ या विषयावरील महत्त्वाच्या मराठी लेखनात गणला जातो. भारत सरकारने त्यांना १९७६ मध्ये पद्मश्री दिली.

देवधरांकडे आवाज साधना शिकलेले अशोक दा. रानडे (१९३७–२०११) यांनी हा अभ्यास पुढे नेला. ते १९६८ ते १९८३ या काळात मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राचे संचालक होते. गायकांबरोबरच नट आणि वक्ते यांच्या आवाजाचाही त्यांनी विचार केला.

## गुरूची आवश्यकता

गाणाऱ्याला स्वतःचा आवाज दोन मार्गांनी ऐकू येतो. एक मार्ग हवेतून कानापर्यंत जातो आणि दुसरा कवटीच्या हाडांतून थेट अंतर्कर्णाकडे जातो. हाडांतून खालच्या कंपनसंख्या अधिक प्रभावीपणे पोचत असल्याने प्रत्येकाला स्वतःचा आवाज प्रत्यक्षापेक्षा अधिक भरदार वाटतो. ध्वनिमुद्रित आवाज प्रथम ऐकताना तो पातळ किंवा परका वाटण्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

दुसरी अडचण स्नायूंच्या सवयींची असते. जबडा आवळणे, जीभ मागे खेचणे, खांदे उचलून श्वास घेणे किंवा मान ताणून तार षड्ज गाठणे या क्रिया काही आठवड्यांत सवयीच्या होतात. सवय झालेला ताण गायकाला ताण म्हणून जाणवत नाही. वाद्य शिकणाऱ्याला स्वतःची बोटे दिसतात, पण गायकाचे वाद्य शरीराच्या आत असल्याने त्याला ते दिसत नाही. म्हणून चूक पक्की होण्याआधी ती ओळखणारा बाहेरचा कान आवश्यक ठरतो. चुकीच्या रीतीने केलेला दीर्घ रियाज हा रियाज न करण्यापेक्षा अधिक हानिकारक ठरू शकतो, कारण त्यातून दोषच पक्का होतो.

## अध्यापनाची अंगे

### पट्टी ठरवणे

शिष्याने कोणत्या षड्जावरून गावे हे ठरवणे ही गुरूची पहिली जबाबदारी असते. महाराष्ट्रात पट्टी पेटीच्या पट्ट्यांवरून सांगितली जाते. पुरुष सामान्यतः काळी एकच्या आसपास आणि स्त्रिया काळी चार किंवा काळी पाचच्या आसपास गातात. आधुनिक मापनानुसार पुरुषांच्या काळी एकचा मध्य षड्ज सेकंदाला सुमारे १३९ कंपने इतका असतो, तर स्त्रियांच्या काळी पाचचा सुमारे २३३ असतो. स्वरतंतू सेकंदाला तितक्याच वेळा एकमेकांवर येऊन दूर होतात. या पट्टीतील तार पंचमापर्यंत जाणारी गायिका जवळजवळ ७०० कंपनांपर्यंत पोचते.

हा फरक मुख्यतः स्वरतंतूंच्या लांबीवर आणि जाडीवर अवलंबून असतो. प्रौढ पुरुषात त्यांची लांबी साधारण १७ ते २५ मिलिमीटर, तर स्त्रीमध्ये सुमारे १२.५ ते १७.५ मिलिमीटर असते. ही रचना रियाजाने बदलत नाही. त्यामुळे आवडत्या गायकाची पट्टी उसनी घेणे अनेकदा घातक ठरते. केवळ तार सप्तकातला एखादा स्वर लागतो म्हणून पट्टी वर नेण्याऐवजी मंद्र पंचमापासून तार पंचमापर्यंतचा पल्ला कोठे सहज मिळतो, हे अनुभवी गुरू पाहतो. समूहवर्गात सर्वांना एकाच पट्टीत गावे लागते तेव्हा काही विद्यार्थ्यांचा आवाज ताणला जातो, तर काहींचा दबून राहतो.

### तंबोरा आणि सुरेलपणा

तंबोऱ्याच्या सुरात बसून एकेक स्वर स्थिर लावणे हा तालमीचा पाया मानला जातो. नीट जुळलेल्या तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून कोणी न छेडलेला गंधारही ऐकू येतो. हा त्या तारेचा पाचवा स्वरांश असून संगीतात त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. शिष्याला हा गंधार ऐकू येऊ लागणे ही त्याचा कान तयार होत असल्याची खूण समजली जाते. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) तंबोऱ्याच्या जुळणीबाबत विशेष काटेकोर होते.

पेटीची साथ नवख्या विद्यार्थ्याला आधार देते, परंतु तिचे स्वर ठरावीक असल्याने मींड आणि रागानुसार बदलणारे सूक्ष्म स्वरस्थान तिच्यावर दाखवता येत नाही. दरबारी कानड्यातील आंदोलित गंधार हे याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण आहे. त्यामुळे काही काळानंतर शिष्याला पेटी सोडून केवळ तंबोऱ्यावर गाण्याची सवय लावली जाते.

### श्वास

गाताना श्वास घेण्यापेक्षा तो सोडण्यावरील नियंत्रण अधिक महत्त्वाचे असते. छातीचा वरचा भाग उचलण्याऐवजी श्वासपटल खाली जाऊन बरगड्यांचा खालचा भाग आणि पोट फुगेल अशा रीतीने श्वास भरणे आणि तो सारख्या दाबाने सोडणे, हे गुरू प्रात्यक्षिकाने शिकवतो. भेंडीबाजार घराण्याच्या गायकीत दीर्घ श्वासाला विशेष महत्त्व दिले जाते.

श्वास आणि गायकी यांचा संबंध कुमार गंधर्वांच्या (१९२४–१९९२) उदाहरणात ठळकपणे दिसतो. क्षयरोगामुळे त्यांचे एक फुप्फुस निकामी झाले आणि १९४७-४८ नंतर काही वर्षे त्यांना देवास येथे गायनाविना काढावी लागली. १९५३ मध्ये ते पुन्हा मैफलीत गाऊ लागले. त्यांच्या नंतरच्या गायनातील आटोपशीर स्वरवाक्ये आणि विरामांचा अर्थपूर्ण उपयोग यांचा या मर्यादेशी संबंध जोडला जातो. आपल्याजवळ असलेल्या श्वासातून गायकी उभी करता येते, हे त्यांनी सिद्ध केले.

### आवाजाचा लगाव

स्वर कंठातून कसा बाहेर पडतो याला लगाव म्हणतात. खुला आकार हे ग्वाल्हेर आणि जयपूर-अत्रौली गायकीचे वैशिष्ट्य मानले जाते. आवाज नाकात जाणे, दाबून चोरटा होणे, किंवा वरच्या स्वरांवर एकदम वेगळा आणि पोकळ होणे हे दोष गुरू प्रथम दूर करतो. त्यासाठी मंद्र सप्तकातील खर्जाची साधना, आकार-इकार-उकारातील पलटे आणि एकाच श्वासात स्वर लहान-मोठा करणे हे उपाय वापरले जातात. खर्जाच्या साधनेसाठी परंपरेने पहाटेची वेळ सांगितली आहे. या साधनेतही आवाज जोर देऊन खाली ढकलणे अपेक्षित नसते.

### पलटे, बंदिश आणि राग

पलट्यांचा हेतू गळ्याला वळण लावणे आणि कानाला स्वरांतरांची ओळख करून देणे हा असतो. मेरुखंड पद्धतीत सात स्वरांच्या ५,०४० क्रमांतरांचा विचार होतो. त्यांतील कोणते कोणत्या रागात योग्य हे मात्र गणित सांगत नाही, ते गुरू सांगतो.

रागांची संख्या वाढवण्याऐवजी मोजक्या रागांत खोल जाणे ही अनेक गुरूंची पद्धत होती. भीमसेन जोशी (१९२२–२०११) १९३६च्या सुमारास कुंदगोळ येथे सवाई गंधर्वांकडे (१८८६–१९५२) राहावयास गेले. सुरुवातीचा बराच काळ त्यांच्या वाट्याला मुख्यतः घरकाम आणि श्रवण आले. त्यानंतरची तालीम तोडी, मुलतानी आणि पूरिया या मोजक्या रागांवर केंद्रित होती. मुलतानी आणि तोडी यांत स्वर तेच असले तरी चलन वेगळे आहे. अशा जोड्यांतून राग म्हणजे केवळ स्वरांची यादी नव्हे, हे शिष्याला अनुभवातून कळते.

मोगूबाई कुर्डीकर (१९०४–२००१) आपली कन्या किशोरी आमोणकर (१९३२–२०१७) यांना शिकवताना अस्थाई आणि अंतरा दोन-तीनदाच गात असत. तेवढ्यात ती चीज बारकाव्यांसह टिपून घेणे शिष्येकडून अपेक्षित असे. या पद्धतीमुळे एकाग्रता आणि स्मरण तीव्र होते. मात्र नवख्या विद्यार्थ्याला ती उपयोगी पडेलच असे नाही. कोणाला किती वेळा सांगावे याचा निर्णयही अध्यापनकौशल्याचा भाग असतो.

## अनुकरण आणि स्वतंत्र गायकी

गायन प्रथम अनुकरणाने शिकले जाते. गुरू गातो आणि शिष्य त्याच्यामागून गातो. पण अनुकरण साधन न राहता साध्य झाल्यास शिष्य गुरूच्या लकबी, उच्चारातील दोष आणि उतारवयातील आवाजाचा खरखरीतपणाही उचलतो.

कुमार गंधर्व हे याचे लक्षणीय उदाहरण आहे. थोर गायकांच्या ध्वनिमुद्रिकांचे हुबेहूब अनुकरण करणारा बालगायक म्हणून ते प्रसिद्ध होते. १९३५च्या सुमारास, वयाच्या अकराव्या वर्षाच्या आसपास ते मुंबईत देवधरांकडे आले. देवधरांच्या संस्थेत निरनिराळ्या घराण्यांच्या गायकांचे येणेजाणे होते आणि शिष्यांना त्यांचे गाणे ऐकता येत असे. कुमारांना अंजनीबाई मालपेकर (१८८३–१९७४) यांचेही मार्गदर्शन मिळाले. स्वतःची प्रतिकृती तयार करण्याऐवजी देवधरांनी शिष्याला विचार करण्यास मोकळीक दिली. पुढे कुमारांची गायकी कोणत्याही एका घराण्यात बसली नाही, याचे श्रेय अनेक अभ्यासक या शिक्षणपद्धतीलाही देतात.

भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) स्वतः ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर-अत्रौली या तिन्ही गायकींची तालीम घेतलेले होते. त्यांच्या शिष्यांत बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव हे दोन अगदी भिन्न प्रकृतीचे गायक होते. सवाई गंधर्वांकडे शिकलेल्या गंगूबाई हनगल (१९१३–२००९) आणि भीमसेन जोशी यांच्या आवाजांतही साम्य नाही. घशावरील उपचारानंतर गंगूबाईंचा आवाज खालचा आणि भारदस्त झाला होता. त्याला पूर्वीसारखा नाजूक करण्याचा अट्टाहास न करता त्याच आवाजात किराण्याची गायकी बसवली गेली. तो आवाजच त्यांची ओळख ठरला.

## आवाज फुटण्याचा काळ

मुलांचा आवाज साधारण बारा ते पंधरा या वयात फुटतो. स्वरयंत्राची वाढ होऊन मुलांचा आवाज सुमारे एक सप्तक खाली उतरतो. मुलींच्या आवाजातही बदल होतो, पण तो सुमारे तीन अर्धस्वरांचा असल्याने सहसा लक्षात येत नाही. या काळात आवाज अचानक चिरकणे स्वाभाविक असते.

संगीत नाटकांच्या काळात अनेक बालनटांचे भवितव्य या बदलावर अवलंबून असे. भास्करबुवा बखले किर्लोस्कर नाटक मंडळीत स्त्रीभूमिका करत, परंतु आवाज फुटल्यावर त्यांना ते काम सोडावे लागले. पुढे ते ख्यालगायक आणि गुरू म्हणून मान्यता पावले. या वयात जुन्या पट्टीत गाण्याचा आग्रह न धरता पल्ला कमी करणे, हळू आवाजात गाणे, आणि मधल्या काळात लय, ताल, स्वरलेखन व श्रवण यांवर भर देणे इष्ट मानले जाते. आवाज गेला अशी मुलाची समजूत होऊ न देणे हेही गुरूचे काम असते.

## आवाजाचे आरोग्य

जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँ (१८५५–१९४६) यांचा आवाज तरुणपणी आमलेटा संस्थानात असताना अतिगायनामुळे बिघडला. पूर्ववत आवाज परत न मिळाल्याने त्यांनी बदललेल्या आवाजाला साजेल अशी पेचदार गायकी घडवली, असे संगीताच्या इतिहासात नोंदले आहे. पुढे कोल्हापूर आणि मुंबई येथे त्यांनी मोगूबाई कुर्डीकर, केसरबाई केरकर आणि इतर शिष्यांना तालीम दिली. किशोरी आमोणकर यांचा आवाजही १९५०च्या दशकात काही काळ गेला होता.

युरोपातील एक समांतर उदाहरण प्रसिद्ध आहे. स्वीडिश गायिका जेनी लिंड १८४१ मध्ये थकलेला आवाज घेऊन पॅरिसला मान्युएल गार्सिया या गुरूकडे गेली, तेव्हा त्याने शिकवण्याआधी तिला काही आठवडे आवाजाला विश्रांती देण्यास सांगितले. याच गार्सियाने १८५४ मध्ये छोट्या आरशाच्या साहाय्याने स्वतःचे स्वरतंतू गाताना पाहिले. स्वरयंत्र तपासण्याच्या वैद्यकीय पद्धतीचा पाया अशा प्रकारे एका गायनशिक्षकाने घातला.

अतिवापराने स्वरतंतूंवर सूज किंवा गाठी येऊ शकतात. आवाज घोगरा होणे, वरचे स्वर हळू आवाजात न लागणे, गाताना हवा निसटणे आणि गाण्यानंतर घसा दुखणे ही त्यांची सामान्य लक्षणे आहेत. घसा बसलेला असताना कुजबुजत बोलण्यानेही ताण पडू शकतो. वारंवार खाकरणे, धूम्रपान, अपुरे पाणी आणि आम्लपित्त हेही आवाजाला अपायकारक असतात. दोन-तीन आठवड्यांहून अधिक टिकणाऱ्या घोगरेपणासाठी कान-नाक-घसा तज्ज्ञाची तपासणी आवश्यक असते. अशा वेळी रियाज थांबवायला सांगणे आणि शिष्याला डॉक्टरकडे पाठवणे हे गुरूचे कर्तव्य ठरते. घसा दुखेपर्यंत गायल्याशिवाय आवाज तयार होत नाही, हा समज चुकीचा आहे.

## संस्थात्मक शिक्षण

१९३१ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर दिल्या जातात. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद आणि अलंकार असे त्यांचे मुख्य टप्पे आहेत. या परीक्षांमुळे अभ्यासक्रमाला निश्चित क्रम मिळाला आणि गावोगावच्या विद्यार्थ्यांना शिक्षणाचे माध्यम उपलब्ध झाले.

दुसरीकडे, ठरलेल्या मुदतीत ठरावीक राग पूर्ण करण्याच्या घाईत आवाजावरील काम मागे पडते, अशी टीका केली जाते. परीक्षेत रागाचे आरोह-अवरोह, पकड आणि ठरावीक ताना मांडता येतात, परंतु षड्ज किती स्थिर आहे किंवा श्वास कोठे तुटतो याकडे दुर्लक्ष होऊ शकते. म्हणून अनेक शिक्षक परीक्षेचा अभ्यास आणि आवाजाची तालीम यांसाठी वेगळा वेळ ठेवतात.

## औद्योगिक उपनगरांतील स्थिती

मुंबई महानगर प्रदेशातील बहुसंख्य विद्यार्थी गुरुगृही राहून शिकत नाहीत. नोकरी किंवा शाळा सांभाळून ते आठवड्यातून एक-दोन वेळा वर्गाला जातात. मध्य रेल्वेवरील उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात गायनाचे वर्ग प्रामुख्याने शिक्षकांच्या घरी, सोसायटीच्या खोल्यांत किंवा शाळांत चालतात. अंबरनाथ एमआयडीसीसारख्या औद्योगिक वसाहतीत अभियांत्रिकी आणि रासायनिक उद्योग आहेत. पाळीत काम करणारा कामगार किंवा पर्यवेक्षक पहाटेचा रियाज दररोज करू शकेलच असे नाही.

गोंगाटात बोलताना माणूस नकळत आवाज चढवतो. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रेंच वैद्य एत्येन लोंबार यांनी हे निरीक्षण नोंदवले आणि ते लोंबार परिणाम म्हणून ओळखले जाते. यंत्रांच्या आवाजात आठ तास बोलून आलेल्या व्यक्तीचा गळा वर्ग सुरू होण्यापूर्वीच थकलेला असतो. धूळ आणि रासायनिक वाफांमुळे घशाचा दाह होऊ शकतो. शाळेतील शिक्षक, फेरीवाले आणि दूरध्वनीवर काम करणारे कर्मचारी यांच्याही आवाजावर असाच भार पडतो. म्हणून शिष्याचा व्यवसाय, कामाच्या वेळा आणि प्रवास यांची विचारपूस करणे हा पट्टी ठरवण्याइतकाच आवश्यक भाग ठरतो. अशा शिष्याला तासभराच्या एकाच बैठकीऐवजी दहा-पंधरा मिनिटांचे दोन-तीन भाग, थकलेल्या दिवशी केवळ श्रवण किंवा मात्रा मोजण्याचा सराव, आणि शेजारच्यांना त्रास न होता करता येईल असा हळू आवाजातील मंद्र साधनेचा रियाज नेमून देता येतो.

## ध्वनिमुद्रण आणि दूरस्थ शिक्षण

ध्वनिक्षेपकाच्या प्रसारामुळे आवाजाच्या अपेक्षा बदलल्या. संगीत नाटकातील नटाला शेवटच्या रांगेपर्यंत विनासाहाय्य ऐकू जाईल असे गावे लागे. ध्वनिक्षेपकासमोर मात्र सूक्ष्म उच्चार आणि हळू स्वरही पुरेसे ठरतात. चित्रपटसंगीतातील पार्श्वगायन याच बदलातून विकसित झाले, तरी शास्त्रीय तालमीचे महत्त्व कमी झाले नाही. लता मंगेशकर (१९२९–२०२२) यांनी वडील दीनानाथ मंगेशकर यांच्यानंतर भेंडीबाजार घराण्याचे अमान अली खाँ यांच्याकडेही शिक्षण घेतले होते.

मोबाईलवरील तंबोरा, स्वर मोजणारी उपयोजने आणि दृक्श्राव्य संपर्कातून दिले जाणारे धडे आता सर्वत्र उपलब्ध आहेत. स्वर चढा लागतो की उतरा हे उपयोजन दाखवू शकते, पण तो का उतरतो हे ते सांगत नाही. श्वास अपुरा आहे, जबडा आवळला आहे, पट्टी चुकीची आहे की विद्यार्थी घाबरला आहे, याचे निदान गुरूच करतो. शिवाय दूरस्थ वर्गात आवाज पोचण्यास क्षणभर उशीर होत असल्याने गुरू-शिष्यांना एकत्र गाता येत नाही. स्वतःचे गायन ध्वनिमुद्रित करून ऐकणे मात्र उपयुक्त ठरते, कारण त्यामुळे दोन धड्यांच्या मधल्या काळात विद्यार्थ्याला बाहेरच्या कानाने स्वतःकडे पाहता येते.

## मर्यादा आणि टीका

गुरू-शिष्य परंपरेत गुरूचा शब्द अंतिम मानला जात असल्याने प्रश्न विचारण्यास वाव कमी राहतो, अशी टीका झाली आहे. विद्या राखून ठेवणे, शिष्याला दुसऱ्यांचे गायन ऐकण्यास मनाई करणे आणि शिक्षणाच्या नावाखाली वैयक्तिक सेवा करून घेणे हे या परंपरेतील ज्ञात दोष आहेत. उत्तम गायक हा उत्तम गुरू असेलच असे नाही, हेही वारंवार अनुभवास येते. उपजत आवाज लाभलेल्या गायकाला नवशिक्याची अडचण कोठे आहे हे कधीकधी उमगत नाही. उलट ज्याला आवाज कष्टाने घडवावा लागला, त्याला त्या वाटेवरील अडथळे ठाऊक असतात.

## चांगल्या अध्यापनाची लक्षणे

चांगला गुरू शिष्याचे गाणे पूर्ण ऐकून मग एका वेळी एकच दोष दाखवतो आणि त्यावर करता येईल असा नेमका उपाय देतो. तो शिष्याच्या पट्टीचा आदर करतो, कठीण जागा स्वतः गाऊन दाखवतो, गाणे शक्य नसल्यास ती शब्दांत सांगू शकतो, आणि घशात वेदना असल्यास गायन थांबवतो. ठरावीक महिन्यांत मैफल करून देण्याचे आश्वासन तो देत नाही. काही महिन्यांनंतर शिष्य गाऊन झाल्यावर आपली चूक कोठे झाली हे गुरूने सांगण्यापूर्वी स्वतः ओळखू लागला, तर तालीम योग्य दिशेने चालली आहे असे समजले जाते.